रंगवलेलं शीड

“‘मोहीम’ लिहायला जागा पुरणार नाही, भावोजी,” मी म्हणालो.

“डेकवर भावोजी नाही. कॅप्टन,” भावोजी मान वर न करता म्हणाले. “आणि जागा कशी पुरत नाही ते मी बघतो. सगळी नोकरी रंगाच्या कंपनीत काढलीय मी. भिंतीचा अंदाज मला शिकवू नकोस.”

“ही भिंत नाही. शीड आहे.”

“रंगाला दोन्ही सारखंच.”

आमची ‘जलश्री’ पूर्णगडच्या खाडीत नांगरून उभी होती. तिचं नवंकोरं मोठं शीड डेकवर अंथरलं होतं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडांवर रंगाचे डबे ठेवले होते. मधोमध भावोजी गुडघे टेकून बसले होते. पांढऱ्या हाफपँटीवर निळे ओघळ, डोक्यावर सोनेरी नांगर भरलेली टोपी. ‘टिपणीस सागर’ एवढं लिहून झालं होतं. अक्षरं ठसठशीत, दुकानाच्या पाटीवर असतात तशी. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारी माणसं हातातलं काम टाकून बघत होती. शीड रंगवणारा माणूस त्यांनी याआधी पाहिला नसावा.

जयवंत टिपणीस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्तीनंतर लोक प्लॉट घेतात, गुडघे बदलून घेतात. भावोजींनी शिडाची बोट घेतली. काही रविवार मुंबईच्या बंदरात एका क्लबात शिकले आणि मुंबई ते पणजी अशी मोहीम जाहीर केली. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. महिनाभराची रजा टाकून मला बरोबर घेतलं ते मी काटक होतो म्हणून नव्हे, बंदरोबंदरीच्या एसटीडी बूथवरून माझ्या पेपरला बातमी जावी म्हणून.

आणि मंदाताई? ती बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, मांडी घालून बसली होती. मांडीवर जुनं, पिवळं पडलेलं शीड होतं आणि हातात जाड सुई. ती ठिगळ लावत होती.

मंदाताई कॉलेजात असताना नौदलाच्या एन.सी.सी.त होती. मुंबईच्या बंदरात शिडाच्या शर्यतीत तिला एक कप मिळाला होता. लग्नानंतर तो माहेरीच राहिला आणि आमच्या आईने त्यात सुया-दोरे ठेवले. मुंबईहून निघताना ताईने एकच गोष्ट मागितली होती: प्रवासातला एक टप्पा सुकाणू तिच्या हातात. पूर्ण टप्पा, नांगर उचलण्यापासून नांगर टाकण्यापर्यंत.

“अगं, एक काय, दोन घे,” भावोजी तेव्हा म्हणाले होते. “श्रीवर्धनपासून पुढे तूच.”

श्रीवर्धनला समुद्र खवळलेला निघाला. हर्णैपासून पुढे भावोजींचा हात आत्ताच कुठे बसत होता. दाभोळला फोटोग्राफर आला होता. जयगडला त्यांना स्वप्न पडलं होतं. आता पूर्णगड आलं होतं.

“उद्या सुकाणू माझ्याकडे,” ताई सुईवरून नजर न काढता म्हणाली.

“उद्या?” भावोजींचा ब्रश थांबला. “मंदा, उद्या देवगड आहे.”

“म्हणूनच. पणजीच्या आधी मोठा टप्पा तोच उरलाय.”

“अगं, देवगडला जेट्टीवर मंडप आहे. मंत्री येणारेत. बँड आहे. बोट शिरताना लोक सुकाणूकडे बघणार.”

“बघू देत.”

“बघू देत काय? सत्कार माझा आहे!”

सत्काराचं सांगायला हवं. कोकणात कुणी काही धड केलं की शाल-श्रीफळ मिळतं, आणि नुसतं करायचं ठरवलं तरीही मिळतं. बंदरोबंदरी भावोजींना मिळालं. प्रत्येक ठिकाणी ते एका लाटेची गोष्ट सांगत. श्रीवर्धनला ती लाट पुरुषभर होती, हर्णैला माडीएवढी झाली, जयगडला कौलांवरून गेली. भाषण संपलं की ‘आता वहिनींनाही वर बोलवूया’ अशी घोषणा व्हायची आणि कुणीतरी बाई येऊन ताईची ओटी भरायची. खण, तांदूळ, नारळ. खणांची थप्पी झाली होती, आणि नारळ तर इतके साठले होते की बोट कलली की फळ्यांखाली गडगडत फिरायचे.

“बंदरात शिरताना तुम्ही घ्या,” ताई म्हणाली. “समुद्रात मी.”

“आणि दुर्बिणीतून कुणी बघितलं तर?”

ताईने दोरा दातांनी तोडला. “अहो, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता ना. मग मोडतोय का? पुढे ढकलतोय.” भावोजी पुन्हा शिडावर वाकले. “आणि ते बोचकं शिवत बसू नकोस. नवं शीड असताना ठिगळांची गोधडी कशाला?”

“वादळात एक फाटलं तर दुसरं लागतं.”

“वादळ!” भावोजी माझ्याकडे बघून हसले. “फेब्रुवारीत वादळ. आणि हा रंग बघ, श्रीरंग. मरीन ग्रेड. पाणी लागत नाही, ऊन लागत नाही. उद्या मंत्री लांबूनच वाचतील.”

‘मोहीम’मधला ‘म’ शेवटी दोरीच्या भोकांवर चढवावा लागला. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला आणि किनाऱ्याची वाळू उडायला लागली. ओल्या रंगावर वाळू बसली तर चमक जाईल, म्हणून भावोजींनी शिडाची घडी घालायचा हुकूम सोडला.

“वाळलाय का पण?” ताईने विचारलं.

“बोटाला लागत नाही. म्हणजे वाळला. हे तरी माझं क्षेत्र आहे ना?”

ते त्यांचं क्षेत्र होतं. आम्ही घडी घातली. चौपदरी, इस्त्रीच्या कपड्यासारखी, आणि वर रंगाचे डबे दाब म्हणून ठेवले.

सूर्य कलायला लागला तशी शीड उभारून बघायची भावोजींना हौस आली. किनाऱ्यावर माणसं जमलीच होती. मी घडीचं एक टोक धरलं, भावोजींनी दुसरं, आणि ओढलं. घडी उलगडेना. पुन्हा ओढलं. चर्र असा आवाज आला आणि आमच्या दोघांमध्ये आडवी भेग पडली. चिकटलेलं जे थोडंफार सुटलं, त्यावर ‘सागर’ उलटा उमटला होता, आरशात दिसतो तसा. ‘टिपणीस’ कायमचे आपल्याच पोटात दुमडून बसले होते.

किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, “कापडाला रंग जास्त झाला हो!”

भावोजींनी भेगेची कड बोटांत चुरून पाहिली. मग म्हणाले, “कापड खराब निघालं.”

“जुनं शीड तयार आहे,” ताई म्हणाली. “रात्रीत दोर ओवून ठेवते. सकाळच्या भरतीला निघालो तर वेळेत पोचतो.”

“ठिगळांचं शीड घेऊन मंत्र्यांसमोर जाऊ?”

“नाहीतर इंजिनावर चला,” मी म्हणालो.

“शिडाच्या मोहिमेत भकभक धूर काढत शिरू? बातमी तू देणार, की तुझ्या शेजारचा पेपरवाला?” भावोजी उठले, पँट झटकली आणि हाक मारून एका मच्छीमाराची होडी बोलावली. ते गावात जाऊन फोन करून आले. तेव्हा त्यांचा चेहरा बराच खुलला होता.

सकाळी उजाडताच किनाऱ्यावर जीप येऊन उभी राहिली. पाठोपाठ होडीतून देवगडच्या सत्कार समितीचे कार्यवाह वाळके गुरुजी बोटीपर्यंत आले. हातात टॉर्च तसाच, पायातल्या चपला हातात.

“कॅप्टनसायबानु, गाडी घेऊन इलंय. रस्तो लांबचो. मंत्री तीन वाजता येतले, तेच्याआधी आपण पोचाक होया.”

भावोजी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात खालून वर आले. सोनेरी बटणं, खांद्यावर पट्ट्या. कुठल्याही आरमारात नसतील अशा पट्ट्या होत्या. दादरला शिवून घेतल्या होत्या.

“आणि बोट?” गुरुजींनी विचारलं. “लोकांका काय सांगूचा?”

“नौका तांत्रिक कारणास्तव बाहेरच्या समुद्रात नांगरली आहे, असं सांगू.”

“बाहेरच्या म्हंजे खंयच्या?”

“जो दिसत नाही त्या.”

गुरुजींनी मान डोलवली. शाळेत तपासणी येते तेव्हा त्यांनीही असं काही केलं असावं.

भावोजींनी मला बाजूला घेतलं. “बातमी लिहून ठेव. ‘जलश्री’चे देवगड बंदरात दिमाखदार आगमन. आल्यावर लगेच फोन करता येईल.”

“झाल्यावर लिहितो.”

“तुम्ही पेपरवाले झाल्यावर कधीपासून लिहायला लागलात?”

मग ते ताईकडे वळले. “मी उद्या परत येतो. तोवर नांगर हलवायचा नाही. नारळ उन्हात ठेवू नका, तडकतात. आणि मंदा, तोंड पाडू नकोस. पणजीच्या टप्प्याला बघू.”

“बघू,” ताई म्हणाली.

जीप चढावावरून दिसेनाशी झाली. ताई उठली, खाली गेली आणि पदर खोचून वर आली. तिने पाण्याकडे पाहिलं, मग टेकडीवरच्या माडांच्या झावळ्यांकडे. जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता.

“रंगा, भरती भरत आलीय. नांगराच्या दोराला हात लाव.”

“ताई, भावोजी म्हणाले...”

“ते जीपमध्ये आहेत. तू बोटीत आहेस.”

मी दोराला हात लावला. नांगर चिखलातून सुटताना बोट एकदा मागे झुकली आणि मोकळी झाली. ठिगळांचं शीड वर चढलं. रात्री तिने सगळे दोर ओवून ठेवले होते. भावोजींच्या होकाराची वाट तिने पाहिली नव्हती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथे पाणी उथळ. येताना आम्ही तिथे दोनदा तळ घासला होता आणि भावोजींनी नकाशा छापणाऱ्यांना शिव्या दिल्या होत्या. ताईने पाण्याचा रंग बघत बोट डावीकडे घेतली, मग जरा उजवीकडे. काही घासलं नाही. आम्ही बाहेर पडलो.

या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्यानंतर मी शिडाच्या बोटीत पाय ठेवलेला नाही. पण त्या सकाळची चाल अजून आठवते. तोवरच्या प्रवासात बोट आपटत, धापा टाकत, प्रत्येक लाटेशी भांडत जायची. मला वाटायचं, समुद्र असाच असतो.

उन्हं वर आली तसा मतलई पडला. शीड लोंबकळलं. ताईने मला काकडी चिरायला लावली आणि स्वतः डोळे मिटून बसली, सुकाणूवर हात ठेवून. भावोजी असते तर एव्हाना त्यांनी तीन वेळा शीड बदललं असतं.

“काही करायचं नाही?” मी विचारलं.

“वारा नसताना काय करणार? खा.”

दुपारी मागून, उजवीकडून खारा वारा लागला. शीड फुगलं. ताई म्हणाली, “जा, चहा टाक. आलं आहे डब्यात.”

मी खाली गेलो. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. वाऱ्याचा एक जोरदार झोत आला असावा, कारण बोट डावीकडे कलली आणि ओट्यावरची सगळी भांडी घसरत त्या बाजूला गेली. कपबशा, डाळीचा डबा, तेलाची बुधली.

“ताई!” मी ओरडलो. “भांडी डावीकडे चाललीत!”

वर दोर सुटल्याचा आवाज आला. बोट सरळ झाली. भांडी थांबली.

मी आधणाचं पातेलं धरून तसाच उभा राहिलो.

दाभोळच्या आधीची दुपार मला लख्ख आठवली. भावोजी सुकाणूवर, बोट अशीच कललेली, पाणी डेकवर चढत होतं, आणि ताईची खालून हाक: “अहो, डाळीचा डबा आडवा झाला!” भावोजी कडाडले होते, “मंदा, इथे आम्ही समुद्राशी झुंजतोय आणि तुला डाळीचं पडलंय!” आणि पुढच्याच क्षणाला मला म्हणाले होते, “सैल सोड तो दोर. मला आधीच वाटलं होतं.” श्रीवर्धनला “अहो, दूध मागे सांडतंय.” हर्णैला “अहो, ताक हिंदकळतंय, जरा बघा ना.” मी वैतागायचो. एवढ्या समुद्रात या बाईला स्वयंपाकघर सुचतं कसं, असं मी माझ्या पहिल्याच बातमीत गमतीने लिहिलंही होतं.

चहा घेऊन वर आलो. ताईचे केस सुटले होते आणि ती पुढे बघत होती.

“दाभोळला डाळीचा डबा,” मी म्हणालो.

“हं.”

“आणि श्रीवर्धनला दूध.”

“हं.”

“आणि हर्णैला ताक हिंदकळत होतं...”

“ताक नव्हतंच बोटीत,” ताई म्हणाली.

मी तिच्या हातात कप दिला. तिने एका हाताने घेतला, दुसरा सुकाणूवरच होता.

“भावोजींना कळत होतं?”

“काय?”

“की तू खालून...”

तिने चहाचा घोट घेतला. “ताक नाही हे त्यांना माहीत होतं. जेवताना त्यांनी ते कधी मागितलं नाही.”

मग तिने रिकामा कप माझ्याकडे दिला आणि शिडाकडे पाहिलं.

देवगडचं दीपगृह दिसलं तेव्हा सत्कार ऐन रंगात आला असावा. बंदराच्या तोंडाशी पोचताच जेट्टीवरचा मंडप दिसला, पताका दिसल्या, लाल डगल्यांचा बँड दिसला. भोंगे समुद्राकडे तोंड करून लावले होते. आमच्या स्वागतासाठीच असणार. ताईने बोट जवळून घेतली, इतकी की स्टेजवरचे चेहरे ओळखू येत होते. मधल्या खुर्चीत मंत्री. माइकसमोर पांढऱ्या गणवेशावर भगवी शाल.

“...आणि ती लाट, मंत्रिमहोदय, ताडाएवढी होती!” भोंगा म्हणाला. “क्षणभर मला वाटलं, संपलं. पण सुकाणू माझ्या हातात होतं...”

गर्दीत कुणीतरी बोट दाखवलं. मग सगळ्यांनी माना वळवल्या. भोंगा खरखरला आणि गप्प झाला. भावोजी आमच्याकडे बघत होते. मी हात हलवला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

माणूस मोठा, हे मी तेव्हाही मान्य केलं. एवढ्या उंचीवरून पडलेला दुसरा कुणीही इतक्या लवकर उभा राहिला नसता.

“ही पाहा!” भोंगा गरजला. “मी म्हणत होतो ती हीच! तांत्रिक अडचण दूर करून, माझ्या सूचनेबरहुकूम, ‘जलश्री’ आपल्या बंदरात दाखल होत आहे! शिडावर जी ठिगळं दिसताहेत, बंधूंनो, ती त्याच वादळाच्या खुणा आहेत!”

टाळ्या पडल्या. बँड सुरू झाला. शाळेच्या मुलींनी पंचारत्या उचलल्या.

“सुकाणूवर माझ्या पत्नी आहेत,” भावोजी पुढे म्हणाले. “आज मुद्दाम त्यांच्या हाती दिलं. स्त्रियांनाही संधी मिळायला हवी!”

मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ताईकडे पाहिलं. जेट्टी डाव्या हाताला होती. सुकाणू थोडं लोटलं की आम्ही आत असतो.

“ताई, वळायचं ना?”

“कशाला?”

“सगळे थांबलेत.”

“ओटी भरून घेऊ?” ती म्हणाली. “नारळ ठेवायला जागा नाही, रंगा.” आणि मग, जरा थांबून, “वारा चांगला आहे. रात्रीपर्यंत मालवण गाठू.”

बोट सरळ चालली होती. मंडप आता आमच्या बरोबरीला आला आणि हळूहळू मागे पडायला लागला. बँडवाल्यांनी एक कडवं पुन्हा वाजवलं.

“आता वळेल,” भोंगा म्हणाला. “नौकानयनात असंच करतात. आधी बंदर ओलांडायचं, वारा पाठीशी घ्यायचा आणि मग डौलदार वळण. फार कौशल्याचं काम आहे. आता बघा.”

दीपगृहाचं टोक जवळ आलं. ताईने दोर थोडा सैल केला. शीड भरून आलं, ठिगळांसकट.

“आता,” भोंगा म्हणाला. “हं. आता वळेल. मंदा, ए मंदा...” मग माइकपासून दूर गेल्यासारखं काही पुटपुटणं ऐकू आलं. बँड मध्येच बंद पडला. फक्त एक ढोलकीवाला आणखी दोन थापा मारून थांबला.

“दोन मिनिटं,” भोंगा पुन्हा म्हणाला. “वळणाला वेळ लागतो. आता वळेल.”

ताईने सुकाणू होतं तसं धरून ठेवलं.

टोकाला वळसा पडत होता, मंडप खडकाआड जात होता. माइक बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नसावं, कारण त्यातून वाळके गुरुजींचा आवाज आला. हलकेच, समजूत घालावी तसा, पण सगळ्या देवगडला आणि आम्हाला स्वच्छ ऐकू आला:

“सायबानु, खुर्चीर बसा बघू. ती काय आता वळाची नाय.”